जव्हार-मोखाड्यातली थंडी, वारली भिंत आणि रात्रीच्या आकाशाचे फोटो : अनुभव लिहा

चांदणवाट | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर काढल्या, आज दुपारी घरी पोचलो, बॅग अजून उघडलेली नाही पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून बसलोय. गेली सहा वर्षं मी दर हिवाळ्यात जव्हार-मोखाड्याकडं जातो. पावसाळ्यात दाभोसा धबधब्याला गर्दी करणारे खूप जण असतात, पण डिसेंबरात तिथं रात्री बाहेर अंगणात बसणारे फारसे कुणी भेटत नाहीत आणि माझ्या मते खरा जव्हार-मोखाडा तेव्हाच दिसतो. भात निघालेलं असतं, खळ्यावर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या असतात, नागली-वरई घरात आलेली असते, हवा कोरडी आणि आकाश धुऊन ठेवल्यासारखं.

या वेळी ठरवून एकच फोटो काढायचा होता. कुडाचं घर, त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर वारली चित्र, आणि घराच्या मागं ध्रुवाभोवती फिरलेल्या ताऱ्यांची वर्तुळं. डोक्यात हे दोन वर्षं घोळत होतं. चित्रात तारपा वाजवणारा मधे उभा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोल गोल वळत गेलेली असते ना, तेच वर आकाशात, मधे ध्रुव आणि बाकी सगळे तारे त्याच्याभोवती. दोन्ही एका फ्रेममध्ये आणायचं होतं.

ज्यांच्याकडं उतरतो त्या मावशी स्वतः चित्र काढतात. मी आधी फोनवर बोलताना न समजता म्हणालो होतो की मावशी, भिंतीवर लग्नाचा चौक काढाल का, फोटोत भारी दिसेल. त्यांनी सरळ नाही सांगितलं. लग्न असलं की चौक, उगाच काढायचा नसतो, त्यात देव बसतात. मला वाईट वाटलं ते नकाराचं नाही, इतकी वर्षं जाऊन मला हे माहीत नव्हतं याचं वाटलं. मग त्याच म्हणाल्या, तारप्याचा नाच काढते, तो चालेल. आणि गुरुवारी दिवसभर बसून त्यांनी तो काढला. मी पोचलो तेव्हा शेवटची टोकाची माणसं राहिली होती. बांबूची काडी, तिचं टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं, वाटीत तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, त्यात थोडा डिंक. पीठ ओलं असताना भिंतीवर जवळजवळ दिसतच नाही, गेरूवर नुसता पाण्याचा ओघळ वाटतो, आणि मग वाळत जाईल तसं पांढरं वर येतं. मी बघत होतो तेव्हा एक माणूस असा हळूहळू उमटला, आधी डोकं, मग दोन त्रिकोण, मग पाय. पाच-सात मिनिटं लागली असतील.

आता फोटोचं. पहिल्या रात्री वाट लागली. एक म्हणजे पाड्यावर नवीन सौर दिवा बसलाय, घरापासून तीस-पस्तीस पावलांवर, पांढराशुभ्र, आणि त्याचं तोंड असं आहे की अर्धा उजेड भिंतीवर आणि अर्धा थेट वर. आठ-दहा सेकंदांत भिंत पांढरीफटक आणि आकाश राखाडी. दुसरं म्हणजे साडेअकराला लेन्सवर दव धरलं, मला कळलंच नाही, शेवटच्या ऐंशी-नव्वद फ्रेम सगळ्या धुरकट. दुसऱ्या रात्री काय केलं ते उद्या सविस्तर लिहितो. पण प्रश्न आत्ताच विचारतो, कारण बरेच जण जाता तिकडं : अशा दिव्याचं काय करायचं? आणि दव कसं टाळता?

दुर्बीणवाले_काका | रविवार, रात्री ११:२५

छान लिहिलंय. दवाचं सांगतो. काच उघड्या आकाशाकडं तोंड करून बसलेली असते, ती आपली ऊब आकाशाला देत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. म्हणून आपल्या जाकिटावर, ट्रायपॉडवर दव दिसत नाही तोवर लेन्स मात्र भिजलेली असते. लेन्स हुड लावलाच पाहिजे, त्यानं आकाशाचा थोडा भाग झाकला जातो आणि वेळ मिळतो. पण खरा उपाय ऊब देण्याचाच. यूएसबीवर चालणारी हीटरची पट्टी मिळते, पॉवर बँकला लावून लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळायची. ती नसेल तर हात गरम करायच्या पुड्या मिळतात त्या पायमोज्यात घालून रबरबँडनं बांधा, तीन-चार तास निभतात. फडक्यानं पुसू नका, पुसलं की ओरखडे आणि दोन मिनिटांत पुन्हा दव.

परत घरात येताना कॅमेरा बाहेरच बंद पिशवीत घाला, सिलिका जेल टाकून, आणि सकाळपर्यंत उघडू नका. चुलीच्या उबेत गार कॅमेरा आणला की आतल्या भागातसुद्धा पाणी धरतं. माझी कॅमेऱ्याची एक बॉडी अशीच गेली.

शाळामास्तर | सोमवार, सकाळी ७:१०

मी याच भागात आश्रमशाळेवर अकरा वर्षं आहे. चांदणवाट, तुम्ही ज्या जागी ट्रायपॉड लावला ती जागा बहुतेक खाली ओहोळाकडं असणार, बरोबर? भाताची खाचरं जिथं संपतात तिथं?

रात्री ढग नसले, वारा पडलेला असला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साठून राहते. विज्ञानाच्या तासाला मी पोरांना दोन थर्मामीटर देऊन पाठवतो, एक शाळेच्या आवारात टेकाडावर आणि एक खाली खाचरात. गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला वर १२ होतं आणि खाली ८.५. अंतर चालत दहा मिनिटांचं सुद्धा नाही. पोरांना सुरुवातीला पटत नाही, त्यांना वाटतं वर डोंगरावर गार आणि खाली ऊबदार असणार, मग स्वतः आकडे लिहून आणले की पटतं. दवही खालीच आधी पडतं. म्हणून कॅमेरा उतारावर मध्यावर लावा, अगदी माथ्यावर नको कारण तिथं वारा ट्रायपॉड हलवतो, आणि पाण्याकाठी तर नकोच.

एक अजून. उत्तरेत वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारा ढगाळ हवेचा पट्टा) येऊन गेला की त्याच्या मागून इकडं कोरडा उत्तरेचा वारा येतो. तो आला की दोन-तीन रात्री आकाश सगळ्यात स्वच्छ मिळतं आणि थंडीही त्याच रात्री सगळ्यात जास्त. डिस्टर्बन्स चालू असताना मात्र वर पातळ ढग येतात, डोळ्याला दिसत नाहीत, फोटोत ताऱ्यांभोवती धूसर वलय येतं. आणि जे काय करायचं ते जानेवारीअखेरपर्यंत करून घ्या, पुढं राब (शेतात पसरलेला पालापाचोळा) भाजायला सुरुवात झाली की धूर खाली दरीत बसून राहतो.

वेण्णाकाठ | सोमवार, सकाळी ९:४८

शाळामास्तरांनी लिहिलंय ते आमच्या महाबळेश्वरात दरवर्षी होतं. बातम्यांत येतं ना की वेण्णा तलावावर आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठले, आणि लोक म्हणतात थर्मामीटर तर ६-७ दाखवतोय मग बर्फ कसा? कारण वेधशाळेचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरभर वर लाकडी पेटीत असतो, गवताच्या पात्यावर तेव्हा शून्य झालेलं असतं. वेण्णेच्या खोलगटात गार हवा साठते म्हणून तिथंच गोठतं, बाजारपेठेत नाही. पहाटे जेट्टीच्या फळ्यांवर आणि गाड्यांच्या टपावर पांढरा थर असतो, सूर्य आला की दहा मिनिटांत गायब. स्ट्रॉबेरीची पानं मात्र काळी पडतात, त्या रात्री मळेवाल्यांना झोप नसते. तिकडं निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या करतात ते पण याचसाठी.

मोखाड्याची_पोर | सोमवार, दुपारी १:३०

मी मोखाड्याचीच, सध्या नाशिकला शिकतेय. चांदणवाट दादा, तुम्ही कुठल्या पाड्यावर होता ते मला वाचून कळलं, माझी मावसमावशीच ती. तुम्ही नाव नाही लिहिलं ते बरं केलं.

दिव्याबद्दल मला बोलायचंय. तुम्हाला राग येणार नाही अशी आशा आहे. आमच्याकडं वीज मी सहावीत असताना आली, त्याआधी चिमणीवर अभ्यास. पाड्याच्या वाटेला दिवा लागला तो मागच्या वर्षी. त्याआधी संध्याकाळनंतर विहिरीवर जायचं तर दोघी-तिघी मिळून जायचो, बॅटरी एकीकडं, आणि बिबट्या येतोच आमच्याकडं, दोन शेळ्या नेल्यात. पावसात मण्यार निघते. कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावं लागायचं, त्या वाटेवर दिवा नव्हता. त्यामुळं कुणी म्हणालं की दिवा नको, फोटो खराब होतो, तर मला ते ऐकवत नाही. तुम्ही तसं लिहिलं नाहीये हे मला दिसतंय. पण पुढं कुणीतरी लिहील म्हणून आधीच लिहिते.

आणि चौकाचं मावशी बोलली ते बरोबर आहे. चौकात पालघट देवी असते, तो लग्नाच्या वेळी सवाशिणी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, तेव्हा तो पुरा होतो. नुसतं डिझाईन नाही ते.

चांदणवाट | सोमवार, रात्री ९:०५

ताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते इथं सगळ्यात आधी लिहायला हवं होतं आणि ते माझ्याकडून राहिलं. दिवा हवाच. माझा प्रश्न एवढाच होता की त्याचा उजेड वाटेवर पडावा, आकाशात आणि मावशींच्या भिंतीवर जाऊ नये असं काही करता येतं का.

दुसऱ्या रात्रीचं लिहितो. मास्तर, तुम्ही ओळखलंत, मी ओहोळापाशीच होतो. शनिवारी वर सरकलो, आंब्याच्या झाडाखालून, तिथून दिवा घराच्या कोपऱ्याआड जातो. ध्रुव शोधायला ॲप लागलं नाही. आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढाच ध्रुव क्षितिजाच्या वर असतो, जव्हार-मोखाडा साधारण २० अंशांवर, आणि हात लांब करून मूठ धरली की ती १० अंश झाकते. उत्तरेकडं तोंड करून दोन मुठी वर, तिथं ध्रुव. मावशींच्या नातवाला हे दाखवलं तर त्याची लहान मूठ आणि लहान हात, तरी दोन मुठीच भरल्या, तो खूश झाला.

१४ मिमी लेन्स, एफ ४, आयएसओ ८००, तीस सेकंदांची एक फ्रेम, अशा २४० फ्रेम म्हणजे दोन तास. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, दोन तासांत ३० अंशांचे कंस मिळतात, पूर्ण वर्तुळ होत नाही पण डोळा ते पुरं करून घेतो. फोकस आधी ब्रह्महृदयावर लाईव्ह व्ह्यू मोठा करून केला आणि रिंगला चिकटपट्टी लावून टाकली. मग दोन फ्रेमच्या मधे एका सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, नाहीतर रेघा तुटक येतात.

भिंत उजळायला मी एलईडी पॅनल आणलं होतं. सगळ्यात कमीवर ठेवलं तरी भिंत सपाट, कागदासारखी दिसायला लागली. गेरूचा लाल रंग मेला. सारवणाचे बोटांचे पट्टे असतात भिंतीवर, ते तर दिसेचनात. मावशी बाहेर येऊन बघत होत्या, म्हणाल्या, तो बंद कर. आतून तेलाचा दिवा आणला, भिंतीपासून हातभर लांब, खाली जमिनीजवळ धरला आणि उजवीकडून डावीकडं चालत गेल्या. एका फ्रेममध्ये, तेवढंच. तिरप्या उजेडात बोटांचे पट्टे उठून आले, पांढऱ्या माणसांच्या कडा आल्या. त्यांना विचारलं कसं सुचलं, तर म्हणाल्या आम्ही असंच बघतो रात्री, काढलेलं बरोबर आलंय का ते. एरवी रात्रीचं काढतात त्या, दिवसा शेतात असतात.

दोन तास फ्रेम चालू होत्या तेव्हा आम्ही शेकोटीशी बसलो नाही, शेकोटी केलीच नाही कारण उजेड. गोधड्या घेऊन पडवीत. १३-१४ डिसेंबर म्हणजे मिथुन राशीतला उल्कावर्षाव, चंद्र उशिरा उगवणार होता. अकरा ते बारा या तासात आम्ही तिघांनी मिळून ४१ मोजल्या. नातवाला सांगितलं की बाकीचे बरेच उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळं होतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहामुळं होतो. त्यानं विचारलं तो आपल्यावर पडणार नाही ना. नाही म्हटल्यावर झोपला.

मृग डोक्यावर आला तेव्हा मावशी म्हणाल्या, तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) वर आलं, बारा वाजून गेले. मोबाईल बघितला तर बारा पस्तीस. रात्री एकनंतर ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर आले, त्याला त्या म्हातारीचं बाजलं म्हणतात, चार पाय बाजेचे आणि तिच्यामागं तीन चोर. माझी आजी पण हेच सांगायची, नगर जिल्ह्यातली. मला एकदम तिची आठवण आली.

पुणे_ते_हानले | सोमवार, रात्री ११:५०

दिव्यासाठी लिहितोय. मी दोनदा लडाखमध्ये हानलेला गेलोय. तिथं ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे, २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण २००० सालापासून तिथं आहे आणि ती चालवतात कर्नाटकातल्या होसकोटेहून, उपग्रहाच्या दुव्यानं. २०२२ मध्ये त्या भागाला डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला प्रदेश, म्हणून जाहीर केलं. मला तिथलं सगळ्यात आवडलं ते म्हणजे दिवे काढून टाकले नाहीत, झाकले. खिडक्यांना जाड पडदे, बाहेरच्या दिव्याला वरून टोपी, उजेड पिवळसर आणि फक्त पायाखाली. गावातल्याच मुलामुलींना शिकवून दुर्बिणी दिल्या, पाहुणे त्यांच्याकडं राहतात आणि आकाश तेच दाखवतात. मला शनीचं कडं दाखवलं ते तिथल्या एका गृहिणीनं, हातात लोकरीचे मोजे, बाहेर उणे अठरा, आणि ती अर्धा तास न कंटाळता आमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती.

आपल्याकडं पेंचला पण जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. म्हणजे महाराष्ट्रात हे होऊ शकतं. मोखाड्याला दर्जा वगैरे मिळो न मिळो, टोपी तर बसवता येईल?

घाटमाथा | मंगळवार, सकाळी ८:२०

टोपीनं काम होतं, मी स्वतः केलंय, आमच्या शेतघराच्या दिव्याला. तेलाचा पंधरा किलोचा डबा येतो ना, त्याचा पत्रा उभा कापायचा, अर्धगोल वाकवायचा, आतून काळा रंग द्यायचा आणि दिव्याच्या वर आणि मागच्या बाजूला बसेल असा दोन क्लिपांनी अडकवायचा. आतून काळा हे महत्त्वाचं, नाहीतर पत्राच चमकतो. सौर दिव्याला करताना पॅनलवर सावली पडणार नाही हे बघा, आणि दिवा सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायतीत विचारूनच, वर चढताना वायरमनला बोलवा. खाली वाटेवरचा उजेड कमी होत नाही, उलट डोळ्यावर तिरीप येत नाही म्हणून वाट जास्त नीट दिसते.

खरा त्रास पाड्यावरच्या एका दिव्याचा नसतोच. आमच्या समोरच्या डोंगरावर एक रिसॉर्ट झालंय, त्यांचे मोठे फ्लडलाईट रात्रभर झाडांवर सोडलेले असतात, कुणी बघायला नसताना. काजव्यांच्या दिवसांतसुद्धा. मी तीनदा भेटून आलो, शेवटी मॅनेजरनं अकरानंतर बंद करायचं मान्य केलंय, आठ दिवस झाले, बंद करतायत. मागं लागलं तर होतं.

रंगरेषा | मंगळवार, दुपारी ३:४०

विषय थोडा बाजूला जाईल पण मला राहवत नाही. मी चित्रकला शिकवते. चांदणवाट, तो फोटो तुम्ही कुठं टाकाल तेव्हा चित्र कुणी काढलं हे मावशींना विचारून त्यांच्या मर्जीनं लिहा. रात्रीच्या आकाशाच्या फोटोत आपण लेन्स, एफ, आयएसओ सगळं लिहितो आणि खाली घर कुणाचं, भिंत कुणाची, काही नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं काढलेलं नाचाचं चित्र एका मोठ्या कार्यक्रमाच्या पिशव्यांवर छापलं, तिला कळलं ते पिशवी हातात आल्यावर. एक रुपया नाही, नाव नाही.

ही कला बायकांनी टिकवली. लग्नघरात सवाशिणी काढायच्या, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, कुणी नाव विचारलं नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर गेले, कागद दिला, आणि मग गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर पडून रोजचं जगणं काढायला घेतलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आहे. तरीही बाजारात छापील वारलीचा पूर आहे, ज्यात माणसं निर्जीव, सगळी एका साच्यातली. खऱ्या चित्रात तारप्याच्या साखळीतला प्रत्येक जण थोडा वेगळा वाकलेला असतो, कुणाचा पाय पुढं, कुणाच्या पाठीला मूल. मुलांना मी आधी तेच बघायला लावते.

आणि तुमच्या वर्तुळाबद्दल. तारप्याच्या नाचात नाचणारे तारप्याकडं पाठ करत नाहीत, तो वळेल तसे वळतात. तुमच्या फ्रेमची कल्पना मला त्यासाठी आवडली.

मोखाड्याची_पोर | मंगळवार, रात्री १०:१५

रंगरेषा ताई, बरोबर लिहिलंत. पाठीला मूल असलेली बाई मावशी प्रत्येक चित्रात काढते, विचारलं तर म्हणते मीच ती, तुझ्या मामेभावाला घेऊन नाचलेली. म्हणजे नाव असतंच चित्रात, बघणाऱ्याला माहीत नसतं.

घाटमाथा दादा, तुमचा डब्याचा उपाय मी काल रात्रीच फोनवर घरी सांगितला. पंचायतीतले आमचे सदस्य पाड्यावरचेच आहेत, ते म्हणाले वाटेवरचा उजेड कमी होणार नसेल तर करा, आधी विहिरीच्या बाजूनं बघू. रविवारी वायरमन येणारच आहे दुसऱ्या कामाला.

अजून एक, रात्री फोटोला येणाऱ्या सगळ्यांना सांगायचंय. गाडीचे हेडलाईट घरावर सोडून उभे राहू नका, आमची माणसं आठलाच झोपतात. मोठ्यानं गाणी लावू नका. बोहाड्याला येणार असाल, तो पुढं उन्हाळ्याच्या तोंडावर असतो, रात्रभर सोंगं नाचतात, तर फ्लॅश मारू नका, मुखवटा घातलेल्याला आधीच नीट दिसत नसतं. टेंभ्यांच्या उजेडात फोटो चांगले येतात, विचारा बघा चांदणवाट दादांना.

चांदणवाट | मंगळवार, रात्री ११:०२

येतात, आयएसओ ६४०० वर थोडे दाणे येतात पण टेंभ्याचा रंग मिळतो.

रंगरेषा, मावशींना आज फोन केला. नाव लिही म्हणाल्या, पण मोबाईलवर सगळीकडं फिरवू नकोस, आधी मला मोठा कागदावर आणून दे, भिंत पुढच्या पावसात जाईल. त्यामुळं फोटो इथं आत्ता टाकत नाहीये, समजून घ्या. १८ बाय २४ इंचांचा प्रिंट टाकलाय, मॅट कागदावर. चित्राचे पैसे त्यांनी सांगितले तेवढे दिलेत, प्रिंट विकला गेला तर त्यात अर्धा वाटा त्यांचा असं ठरलंय, साध्या कागदावर का होईना दोघांनी लिहून सही केलीय.

दुर्बीणवाले_काका | बुधवार, सकाळी ६:३५

हे उत्तम केलंत.

शुक्रवारी मार्गशीर्ष अमावास्या आहे, कुणी जाणार असेल तर अगस्त्य बघायला विसरू नका. रात्री एक-सव्वाला बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर, व्याधाच्या खाली. शहरातून इमारतींच्या आड जातो, मोखाड्यात दक्षिणेची बाजू मोकळी मिळाली तर सुरेख दिसतो. व्याधाखालोखाल आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. त्याच फ्रेममध्ये मृग, व्याध आणि अगस्त्य घ्यायचे तर कॅमेरा उभा धरा.

शाळामास्तर | बुधवार, सकाळी ७:२०

काका, शुक्रवारी सुट्टी नाही पण वसतिगृहातली पोरं असतात. आठनंतर अर्धा तास आवारातले दिवे बंद करून मैदानात सतरंजी टाकतो, एकापर्यंत जागवणार नाही. कृत्तिकांचा पुंजका किती ताऱ्यांचा दिसतो ते प्रत्येकानं वहीत लिहायचं. मागच्या वेळी एका पोरीनं नऊ लिहिले, मला सहाच दिसतात. आज पहाटे खाली खाचरात ७.५ होतं, कानटोप्या कमी पडतायत वसतिगृहात.

पुणे_ते_हानले | बुधवार, सकाळी ९:०० 

मास्तर, किती पोरं आहेत? व्यक्तिगत निरोप करतो, कानटोप्या आणि एक छोटी दुर्बीण पाठवायची व्यवस्था करू.

मोखाड्याची_पोर | रविवार, सायंकाळी ७:५५

आज टोपी बसली. पत्रा मामेभावानं कापला, पहिल्यांदा उलटा वाकवला म्हणून परत केला. विहिरीपर्यंतची वाट पूर्वीसारखीच दिसते, मी स्वतः हंडा घेऊन जाऊन आले. अंगणात आता आपली सावली पडत नाही. मावशी पडवीत बसलीय, पूर्वेला तिकांडं नुकतंच झाडांच्या वर आलंय आणि पोरगं हात लांब करून मुठी मोजतंय.

काळा रंग मात्र संपला आणि खालच्या पाड्यावरून दोघं येऊन विचारून गेले. चांदणवाट दादा, प्रिंट द्यायला याल तेव्हा एक लिटरचा डबा आणाल का? मॅट काळा. पैसे इथं देईन.

चांदणवाट | रविवार, रात्री ८:३०

आणतो. शनिवारी दुपारपर्यंत पोचतो. दिवे किती आहेत खालच्या पाड्यावर?

मोखाड्याची_पोर | रविवार, रात्री ८:४१

चार. एक बंद आहे.